बालाजीला चॉकलेटचा नैवेद्य

लातूरच्या डॉक्टरनं वजन उतरवायला सांगितलं, तेव्हापासून निलंग्याच्या शिवकन्यानं रात्रीचा भात सोडला, चहातली साखर सोडली. चॉकलेट मात्र काही केल्या सुटेना, आणि खाल्लं की दिवसभर मन खात राहायचं. मग तिनं शक्कल काढली. चॉकलेट आधी देवघरातल्या बालाजीच्या फोटोपुढे ठेवायचं, भोवती पाणी फिरवायचं. झाला प्रसाद! आता प्रसादाला नाही कसं म्हणायचं?

आपण देवाला फसवतोय, हे तिला कळत होतं. खाताना ती फोटोकडे पाठ करून बसायची.

सासूबाई रुक्मिणबाई मात्र गल्लीभर सांगत, "आमच्या सुनेला देवाचं लई याड हाय." ते ऐकलं की शिवकन्याला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

एका सकाळी रुक्मिणबाई तिच्या शेजारी येऊन बसल्या आणि त्यांनी हात पुढे केला. "मलाबी दे की परसाद."

शिवकन्या चरकली. सासूबाईंना शुगर. शिवकन्याच्या लग्नातसुद्धा त्यांनी बुंदीचा दाणा तोंडात घातला नव्हता.

"आई, तुमची शुगर वाढंल."

"परसादानं काय होतंय?"

रोज मनाशी म्हणायचं ते वाक्य सासूच्या तोंडून ऐकून तिला रडूच फुटलं. "आई, ह्यो परसाद न्हाई. मलाच खावं वाटतंय, म्हणून देवापुढं ठेवायले."

"ठावं हाय गं मला," रुक्मिणबाई म्हणाल्या. हात मात्र त्यांनी मागे घेतला नाही.