अंपायरनं नाचावं का

सिंगापूरला लेकीकडं राहत व्हते तवाची गोष्ट. जावई आठवडाभर पाया लेबार नावाच्या भागातल्या हापिसात, आन् रविवारी पोरांच्या बेसबॉलात अंपायर. पोरगं दांडक्यानं चेंडू मारतं आन् बेस म्हणत्यात त्या गादीकडं पळतं. चेंडू आधी पोचला तर आऊट. ते सांगायचं काम जावयांचं. पहिल्या दिवशी बघितलं, तर ते वाकून इवल्याशा ब्रशनं, जिथं उभं राहून पोरं चेंडू मारत्यात ती जमिनीवरची पांढरी पाटी झाडत व्हते.

"अगं, जावयाला झाडायला लावलंय! सरक, मी झाडते."

"आई, बस खाली," लेक म्हणाली. "अंपायरचंच काम आहे ते."

मधी खेळ थांबला की गाणं लावायचे, पोरं नाचायची. दुसरा अंपायर, पोटवाला चिनी काका, पोरांत घुसून कंबर हलवायचा. आमचे जावई मात्र देवळाच्या दीपमाळेसारखे उभे.

नात संघात खेळायची, नऊ वर्षांची. ती फुगून बसली. "आजी, सगळे पप्पांना लॅम्पपोस्ट म्हणतात. नेक्स्ट संडे मी नाही येणार, लाह." तिथं वाक्याला असं 'लाह' चिकटवत्यात.

जावयांना विचारलं, का नाचत न्हाई. "आई, नाचलो तर माझा आऊट कोण मानेल? त्यात माझीच मुलगी खेळते."

म्हणलं, "दुष्काळात मी तलावावर माती वाहिली. नवरा गेलेला, लेक पाठीला बांधलेली. मुकादम आमच्यासंगं गाणी म्हणायचा, नकला करायचा. ऊन विसरायला व्हायचं. पण मातीची पाटी अर्धी दिसली की गाता गाताच माघारी पाठवायचा. मलाबी पाठवलं. त्याला लबाड कुणी म्हणलं न्हाई."

लेक माझ्या कानात म्हणाली, "अन् सासू समोर बसलीय. कंबर कशी हलवतील?"

घ्या! माझ्या भावानं लग्नात ज्यांचे पाय धुतले ते सासूपुढं कसे नाचणार? माझ्या ध्यानातच न्हाई आलं.

पुन्हा गाणं लागलं. मी खुर्ची उचलली, उलटी ठेवली, मैदानाकडं पाठ करून डोक्यावरून पदर घेतला. "जावईबापू, मला काय दिसत न्हाई!"

मागं पोरांचा एकच कल्ला. लेक हसून हसून माझ्या अंगावर पडली. नात ओरडत व्हती, "पप्पा, दुसरा पाय! दुसरा पाय!" वळून बघायचा लई मोह झाला. न्हाई बघितलं.

गाणं संपलं तशी खुर्ची सरळ केली. नातीनं चेंडू मारला, पळाली, गादीशी घसरली. पाय आन् चेंडू एकदमच पोचल्यागत दिसले. दोन्हीकडचे आईबाप उठून उभे. जावयांना अजून धाप लागलेली, टोपी वाकडी. त्यांनी मूठ वर केली. "आऊट!"

नात कमरेवर हात ठेवून बापापुढं. "पप्पा, आत्ताच आपण नाचलो ना!"

"नाच संपला. आऊट."

मंडळी खाली बसली. कुणी चकार शब्द काढला न्हाई. नात माती झटकत, धुसफुसत माझ्याकडं आली.

"पुढच्या रविवारी न्हाई ना यायचं?" मी विचारलं.

"यायचंय. पण पप्पांना आधी घरी शिकव, आजी. सो बॅड डान्स, लाह!"

"मला काय ठाऊक?" म्हणलं. "मी कुठं बघितलाय?"