अक्काचा उभा फोटो

आमच्या समाजाच्या वधू-वर मंडळाच्या वेबसाइटला फोटोंची गॅलरी जोडून देण्याचं काम मी घेतलं, तेव्हा माझी मोठी बहीण, अक्का, चौतीस वर्षांची होती. लहानपणी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीखाली सापडून तिचा डावा पाय आखूड राहिला. त्या पायात ती जाड तळव्याचा काळा बूट घालते, घरातसुद्धा. बाजूला दोन चाकं लावलेल्या स्कूटरवरून जुळे सोलापूरभर फिरते, बालवाडी चालवते, आणि कुणी दया दाखवली की त्याची अशी बिनपाण्यानं करते की तो पुन्हा तिच्या वाटेला जात नाही.

मंडळाकडे प्रत्येक मुलीचा उभा फोटो द्यावा लागतो, डोक्यापासून पायापर्यंत. अध्यक्षांची अट एकच होती. "सगळ्या पोरींच्या चौकटी सारख्या पायजेत. एकीची मोठी, एकीची बारकी दिसली की पालक माझ्या घरी भांडायला येतात." म्हणून मी असं प्लगइन लिहिलं की कुठलाही फोटो टाका, तो खालून आपोआप कापला जाऊन चौकोनात बसायचा. फरशा बसवाव्यात तसे चेहरे ओळीनं लागायचे. चौकोनावर क्लिक केलं की अख्खा फोटो उघडायचा.

अक्कानं तिचा फोटो मुद्दाम तसा काढून घेतला होता, निऱ्या घोट्याच्या वर धरून, बूट नीट दिसेल असा. "ज्याला नको त्यानं घरबसल्याच नको म्हणावं," ती म्हणाली. "माझे पोहे तरी वाचतील की."

पहिल्या महिन्यात तिच्या फोटोवर भरपूर क्लिक झाले. फोन एकही आला नाही. क्लिकचे आकडे मला दिसायचे, तिला नाही. बालवाडीतून आली की चप्पल-बूट पुसता पुसता विचारायची, "आला का रे कुणाचा?" मी म्हणायचो, साइट नवीन आहे. शेवटी मी अख्खा फोटो उघडण्याची सोयच बंद केली. पेज जड होतंय, असं मंडळाला सांगितलं. ते धादांत खोटं होतं. एकट्या अक्काची बंद केली असती तर तिला संशय आला असता, म्हणून सगळ्या मुलींची केली. बायोडेटात पायाबद्दल लिहायला रकाना नव्हताच.

पंधरा दिवसांत करकंबहून फोन आला. मुलगा, त्याची आई आणि मामा बघायला आले. खाली जिन्यापाशी मी त्यांना खरं सांगू शकलो असतो. नाही सांगितलं. एकदा तिचं बोलणं ऐकलं की पायाचं काही वाटणार नाही, असली मूर्ख आशा मला होती. अक्का पोह्यांचा ट्रे घेऊन आली, नेहमीसारखी ताठ. मुलाची आई बुटाकडे बघतच राहिली.

"फोटूत तर असलं काय दिसलं न्हाय की," ती म्हणाली. "तुमी झाकून ठिवलं व्हय?"

अक्कानं माझ्याकडे पाहिलं. तिनं तिथंच ओळखलं. पाहुणे पोह्यांना हात न लावता उठले. आमची आई दारापर्यंत त्यांच्या मागे जाऊन हात जोडत होती, ते बघताना मला माझीच किळस आली.

"आजवर लंगडी म्हणून लई जण गेले," अक्का म्हणाली. "लबाड म्हणून आज पहिल्यांदा गेले." ती रडली नाही. रडली असती तर मला बरं वाटलं असतं. "माझा फोटो काढून टाक. आत्ता, माझ्यासमोर."

सोय परत चालू करतो, असं मी पुटपुटलो.

"तुझ्या सोयी राहू देत."

मी फोटो काढला. ते प्लगइन लिहिताना सगळ्यात जास्त वेळ मी एकाच गोष्टीवर घालवला होता. एखादीचं लग्न ठरून फोटो निघाला, तर मधे भोक दिसू नये, पुढच्या चौकटींनी सरकून जागा भरावी. ते फार छान जमलं होतं. अक्काच्या जागी शेजारची मुलगी अलगद सरकून आली.

"मी होते असं वाटतसुद्धा नाही की," अक्का म्हणाली, आणि गार झालेले पोहे परत पातेल्यात ओतायला आत गेली.