कॉम्रेडकाका उठले

कॉम्रेडकाका कुणासाठी उठायचे नाहीत. सिडनीत पेंडल हिलच्या हॉलमध्ये गणपतीच्या आरतीला सगळे उभे. हे खुर्चीत बसून मोठमोठ्याने टाळ्या वाजवणार. कुणी गुडघ्यांची चौकशी केली की म्हणायचे, "गुडघे ठणठणीत आहेत. सगळे उठले म्हणून उठायचं नाही, एवढंच."

ब्लॅकटाउनच्या वेअरहाउसमध्ये ते युनियनचे डेलिगेट, कामगारांचे प्रतिनिधी. मी आणि माझा मित्र निलेश युनिव्हर्सिटी सांभाळून तिथे कॅज्युअल, म्हणजे बोलावलं तरच काम, अशा शिफ्ट करायचो. ब्रेकमध्ये आम्हाला थालीपीठ वाढत काका एकोणीसशे चौदा सांगायचे, जणू काल दुपारीच घडलंय. मजूर मजुरावर गोळी झाडणार नाही, अशा आणाभाका घेतलेले ते जर्मन समाजवादी! युद्ध लागलं आणि संसदेत उभे राहून त्यांनीच युद्धखर्चाला मत दिलं. पण काकांचा खरा राग वेगळ्यांवर. "पक्षाच्या बैठकीत विरोध करायचा आणि बाहेर शिस्त म्हणून उठायचं! यांच्यापेक्षा चोर परवडला." मग हळूच सांगायचे, "पुढच्या मतदानाला एक जण बसून राहिला. एकटा."

एक दिवस कंपनीने डाव टाकला. पर्मनंटवाल्यांना पगारवाढ, कॅज्युअल्सच्या शिफ्ट बंद. "माझ्या मढ्यावरून जावं लागेल त्यांना," काका म्हणाले, आणि आम्ही निर्धास्त झोपलो.

कँटीनमध्ये सगळ्यांसमोर युनियन कमिटीचे पाच डेलिगेट या सौद्यावर मत देणार होते. "बाजूने असतील त्यांनी उभं राहा." चौघे उठले. मग टेबलाला धरून काका उठले. मला वाटलं, बोलायला उठलेत. पाचवं मत त्यांचंच मोजलं गेलं.

पार्किंगमध्ये मी त्यांना गाठलं. ते म्हणाले, "कमिटीत मी विरोधच केला रे. पण बाहेर युनियन फुटलेली दिसता कामा नये."

"यांच्यापेक्षा चोर परवडला, हे तुम्हीच आम्हाला शिकवलंत, काका," मी म्हणालो. केसाने गळा कापला होता त्यांनी आमचा. माझी फी मित्रांनी कशीबशी भरली. निलेश बॅग भरून पुण्याला परत गेला.

पुढे मला इथे कायम राहण्याचा पीआर मिळाला आणि, नशीब बघा, त्याच वेअरहाउसच्या ऑफिसात नोकरी. काका निवृत्त झाले तेव्हा निरोपाला केक होता, भाषणं झाली, आणि सगळे उभे राहून टाळ्या वाजवू लागले. मी बसून राहिलो. ठरवून नाही, पण पाय उठेचनात.

काकांनी मला पाहिलं. जाताना खांद्यावर हात ठेवला.

"एकटाच बसलास?"

"हो."

"बरं केलंस, लेका. मला नाही जमलं."

राग गेला नाही, अजूनही नाही. पण ते दाराबाहेर पडले तेव्हा मी उभा होतो.