चाकापाशी काढलेल्या चपला

वखारीत फोन आला तेव्हा दुपार कलली होती. रे रोडच्या त्या लाकडाच्या वखारीत मी कारकून आहे आणि तिथला फोन शेठजींचा. कारकुनाला फोन येत नाही. त्या दिवशी मात्र शेठजींनी रिसीव्हर माझ्यापुढे धरला आणि स्वतः उठून बाहेर गेले. पलीकडून आमच्या चिंचपोकळीच्या चाळीतला एक जण बोलत होता. "गजाभाऊ पिकअपखाली सापडले. तुम्ही असाल तसे निघा." मी विचारलं, "तो खाली होता, तर गाडीला हात कुणी लावला?" पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला. गजानन सावंतला जाऊन आता महिना उलटून गेला, पण त्या प्रश्नाचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही.

वर्तमानपत्राच्या पुरवणीसाठी लिहा, असं ज्यांनी सुचवलं ते म्हणाले, "जरा हळुवार लिहा." हळुवार मला येत नाही. निदान यंदा तरी येणार नाही.

गजाची आणि माझी ओळख लाकडामुळे झाली. महायुद्धानंतर लष्कराच्या जुन्या गाड्या लिलावात निघाल्या, त्यातला एक पिकअप त्याने घेतला आणि आमच्या वखारीतला माल पोचवायला लागला. गाडीचं तोंड चेपलेलं, एक दरवाजा सुतळीने बांधलेला. पण मागे लोखंडी पाट्यांची जी चवड असते ना, जिच्यावर सगळा भार तोलला जातो, तिच्याकडे त्याचं लक्ष लेकरासारखं. माल चढायला लागला की हा मागे जाऊन उकिडवा बसायचा आणि पाट्यांची कमान बघत राहायचा. कमान सपाट व्हायला आली की उठून हात वर करायचा, "बस झाला." शेठजी म्हणायचे, अरे आणखी दोन वासे टाक, काय होतंय? हा मालवणीत सुनवायचा, "शेठ, लोखांड असला तरी तेका जीव असता." शेठजी गुजराती, त्यांना निम्मं कळायचं नाही, पण वासे खाली उतरायचे.

पाटा तुटतो तेव्हा बंदुकीसारखा आवाज होतो. मग काम एका जागी बसून करायचं असतं. जॅक लावून गाडीचा सांगाडा उचलायचा, खाली लाकडाचे ठोकळे रचायचे, बोल्ट सोडवून चवड बाहेर काढायची, लालबागच्या लोहाराकडून नवा पाटा घडवून आणायचा आणि सगळं पुन्हा आवळून बसवायचं. ठोकळे आमच्याच वखारीतले, सागाचे. रविवारी हे काम निघालं की मी हाताशी असायचो. पान्हा देणं, बोल्ट रॉकेलात बुडवणं आणि त्याच्या शिव्या ऐकणं, एवढीच माझी मदत.

ज्या गॅरेजात तो तरुणपणी शिकला तिथला एक नियम त्याने आयुष्यभर पाळला. गाडीखाली जायच्या आधी चपला काढायच्या आणि मागच्या चाकापाशी ठेवायच्या, टाचा गाडीकडे, अंगठे बाहेर. चपला दिसल्या की समजायचं, खाली माणूस आहे. मग गाडीला टेकायचं नाही, दरवाजा उघडायचा नाही, मागच्या पडत्या फळीवर, फाळक्यावर, हातसुद्धा ठेवायचा नाही. त्याची बायको, आमच्या सुशीलावहिनी, चहा घेऊन आल्या की आधी चाकापाशी बघायच्या, मग वाकून हाक मारायच्या आणि कप जमिनीवर ठेवून मागे सरकायच्या. मी एकदा विनोदाने म्हणालो, "गजा, देवळाबाहेर काढतात तशा काढतोस." तो खालूनच म्हणाला, "देवळात चोरीक जातत. हय कोण हात लावचो नाय."

मग ते दिवस आले. मुंबई महाराष्ट्राची, हे वाक्य आमच्या गल्लीत भिंतींवरही होतं आणि घराघरांतही. मलाही राज्य हवं होतं, उगाच कोणी माझ्यावर शिक्का मारू नये. गोळीबाराच्या दिवसांत, कर्फ्यूमध्ये, गजाने याच पिकअपमधून जखमी माणसं इस्पितळात पोचवली. बिछाने टाकून, गाडी चालत्या माणसाच्या वेगाने हाकत, कारण धक्का बसला की मागचा माणूस ओरडायचा. त्याबद्दल तो स्वतः कधी बोलला नाही, आणि ज्यांनी बोलायला हवं होतं त्यांनी तेव्हा त्याचं नावही घेतलं नाही. त्यांना गाडी दिसली. सभेला गाडी, प्रभातफेरीला गाडी, पोवाडेवाल्यांना गाडी. आमच्या गल्लीतल्या सभांचे कर्तेधर्ते दामूअण्णा. गळा गोड, धोतर पांढरंशुभ्र, आणि दुसऱ्याची वस्तू स्वतःची समजण्याइतकं मन मोठं.

शेठजींना हात वर करून थांबवणारा गजा दामूअण्णांपुढे मात्र मेणाहून मऊ व्हायचा. मला याचाच संताप यायचा. अजून येतो. ढोलताशे, लाउडस्पीकरचे कर्णे, वर वीसपंचवीस माणसं, कमान सपाट होऊन उलटी व्हायला आलेली, आणि हा नुसता बघतोय. मी म्हणायचो, "अरे, नाही म्हणायला शिक." तर म्हणायचा, "काय सांगू रे? लाकडाक नाय म्हणूक येता. माणसाक कसा म्हणू?"

तो गेला त्याच्या आदल्या संध्याकाळी परळच्या नाक्यावर पाटा तुटला. गाडी ढकलत चाळीमागे आणली. मी म्हणालो, रविवारपर्यंत थांब, मी येतो. पण शनिवारी सभा होती. गजाने माझ्यासमोर दामूअण्णांना सांगितलं, "उद्या दिवसभर गाडीक हात लावू नका. शनिवारी सकाळी देतंय." दामूअण्णांनी मान डोलावली. ती मान मी या डोळ्यांनी पाहिली आहे.

दुसऱ्या दिवशी काय झालं ते मी चार जणांकडून जुळवलं, कारण पूर्ण कोणीच सांगत नाही. दुपारी सजावटीची मंडळी आली. केळीचे खांब, पताका, कर्णे, आणि महाराजांची मोठी तसबीर. दामूअण्णा म्हणाले, "आपण सजवून तर घेऊ. उभ्या गाडीला काय होतंय?" तसबीर आधी दोघांनी खालूनच टपावर टेकवून बांधली. आता महाराजांसमोर पायताणं घालून कसं उभं राहायचं? भाविक माणसं ती. सगळ्यांनी चपला काढल्या. कुठे काढल्या? मागच्या चाकापाशी. गजाची जोड तिथे होतीच. तिच्याभोवती, तिच्यावर, दहा-बारा जोड्या पडल्या. मग मंडळी फाळक्यावरून चढली. कर्ण्यावर पोवाड्याची तबकडी मोठ्याने लावलेली होती. खालून गजा ओरडला असणार. तो ओरडल्याशिवाय राहणारा माणूस नव्हता... सागाचे ठोकळे फुटले नाहीत. ते सरकले.

मी पोचलो तेव्हा गजाला इस्पितळात नेलं होतं, टॅक्सीतून, आणि तो वाटेतच गेला होता. गाडीवर पताका होत्या. आसपास कोणी नव्हतं. सगळ्यांनी घाईघाईत आपापल्या चपला शोधून पायात घातल्या होत्या आणि निघून गेले होते. चाकापाशी एकच जोड उरली होती.

नंतर मी एकेकाला विचारलं, वर कोण चढलं होतं? प्रत्येक जण म्हणतो, मी खालीच उभा होतो. सगळेच खाली, तर वर काय महाराज एकटे चढले?

शोकसभा मात्र झोकात झाली. दामूअण्णा गहिवरले. "गजाभाऊंनी महाराष्ट्रासाठी देह ठेवला," म्हणाले, आणि टाळ्या पडल्या. शोकसभेत टाळ्या! मी उभा राहिलो आणि म्हणालो, "ठेवला नाही. घेतला. थांबा म्हणाला होता, तुम्ही थांबला नाहीत." लोकांनी मला खांदे धरून खाली बसवलं. दुःखाने बिचाऱ्याचं डोकं फिरलंय, असं कोणीतरी मागे कुजबुजलं. माणूस मेला की त्याला मखरात बसवायचं, म्हणजे तो कसा मेला हे विचारायची सोय उरत नाही. गोळीला छाती दिलेल्यांच्या नावाआड लपणाऱ्यांना लाज वाटायला हवी. गजा हुतात्मा नव्हता. त्याला पाटा बसवून जेवायला वर जायचं होतं, वहिनींनी तिसऱ्यांचं कालवण काढून ठेवलं होतं.

राज्य मिळालं. मिरवणूक ठरली. दामूअण्णा वहिनींकडे आले. गाडी दुरुस्त करून घ्या, तिच्यावर गजाभाऊंचा फोटो लावू, पहिला मान त्यांचा. ते गेल्यावर वहिनी मला म्हणाल्या, "भावोजी, गाडी करा. मिरवणुकीसाठी नाय. तेंनी काम अर्ध्यात सोडलेला कधी बघलात?"

रविवारी मी चपला काढल्या आणि गजाच्या जोडीशेजारी ठेवल्या, टाचा आत, अंगठे बाहेर. त्याची जोड वहिनींनी तिथून हलू दिली नव्हती. खाली ग्रीसचा वास होता आणि नव्या पाट्याचा, लोहाराने त्याच आठवड्यात दिलेल्या. माझे हात काही गजाचे नव्हेत, एकेक बोल्ट जीव खात होता. तेवढ्यात गाडीशेजारी पांढरं धोतर आणि पॉलिश केलेले पंपशू येऊन थांबले. हार घेऊन आले होते, टपाला घालायला. एक पंपशू जमिनीवरून उचलला गेला, फाळक्याकडे.

"दामूअण्णा," वहिनींचा आवाज आला. मी त्यांना एवढ्या मोठ्याने बोलताना कधी ऐकलं नव्हतं. "चपला दिसत नायत? खाली माणूस आसा."

पंपशू खाली आला. मग दोन्ही पंपशू वळले आणि गल्लीच्या तोंडाकडे गेले. मी बोल्ट आवळला. आवळताना रडत होतो, हे लिहायला मला संकोच नाही.

मिरवणूक दुसऱ्या कोणाच्या ट्रकवरून निघाली. फोटो होता म्हणतात, मी गेलो नाही. पिकअप आता चारही चाकांवर उभा आहे, मागची कमान गजाला आवडायची तशीच वर उचललेली. किल्ली वहिनींनी माझ्याकडे दिली आहे, शेठजीही दोनदा विचारून गेले, माल पडून आहे म्हणून. पण चाकापाशी ती जोड अजून आहे, आणि ती उचला असं मी वहिनींना सांगणार नाही. चपला आहेत तोवर गाडीला हात लावायचा नाही.