नारिंगी टोक

एअरसॉफ्ट हा शब्द मी पहिल्यांदा वाचला तो सुपरमार्केटमध्ये, मासिकांच्या रॅकपाशी उभ्याउभ्या, अर्थातच फुकट. फोटोतली माणसं लष्करी कपडे घालून जंगलात एकमेकांवर प्लॅस्टिकच्या गोळ्या झाडत होती. मला वाटलं, आपला जन्म ह्याचसाठी आहे.

शारजात जंगल कुठलं? आमचा अल नहदा भाग तेव्हा अर्धा वाळूच होता. आमच्या बिल्डिंगमागच्या मोकळ्या प्लॉटवर पार्क केलेल्या गाड्या, तेच आमचं जंगल. सैन्य दोघांचं, मी आणि शेजारच्या अंकलचा मुलगा. अंकल वसईचे, हॉटेलात कामाला. त्यांनी नाताळला खाऊला दिलेले पैसे मी स्प्रिंगच्या पिस्तुलावर उडवले. बाबांनी तेच पिस्तूल आधी दुकानात हातात घेऊन परत ठेवलं होतं. "पंधरा दिरहम? म्हणजे दीडशे रुपये! डोळा फोडायला दीडशे रुपये?"

बाकीचा सरंजाम घरचाच. डोळ्यांना पोहायचे गॉगल, छातीला कॉर्नफ्लेक्सचे खोके. गोळ्या संपल्या की वाळूतून वेचून आईच्या चहाच्या गाळण्यात धुवायच्या. त्या धुतलेल्या गोळ्यांनी दुसऱ्याच आठवड्यात पिस्तुलाची नळी तुंबली, आणि आठवडाभर आमच्या चहात कचकच लागत होती. आई चहाचा ब्रँड बदलायच्या विचारात होती.

पण मला खरी लाज वाटायची ती नळीच्या नारिंगी टोकाची. हे खेळणं आहे हे लांबूनही कळावं म्हणून ते तसं असतं. मला नेमकं तेच कळू द्यायचं नव्हतं. मी बाबांचं बूटपॉलिश चोळलं, वरून काळा मार्कर फिरवला, फुंकर घालून वाळवलं. काम झकास झालं. आयुष्यात मी इतकं नीटनेटकं काम नंतर फारसं केलेलं नाही.

आता ते लपवायचं कुठे? आमच्याकडे, म्हणजे तिकडच्या बहुतेक घरांत, पलंगाखाली एक इंडियाची बॅग असायची. ती वर्षभर भरत राहायची. साबण, दुधाची पावडर, बाम, बदाम. ऑफर लागली की वस्तू आणायची, झाकण जरा उचलायचं, आत ढकलायची. जुलैच्या सुट्टीपर्यंत ती कोणी उपसत नसे. मी पिस्तूल नव्या टॉवेलात गुंडाळून तळाशी सारलं, शेजारी गोळ्यांची पिशवी. इतकी सुरक्षित जागा शोधल्याबद्दल मी स्वतःवर खूश होतो.

मे महिन्यात पहाटे फोन आला. आजोबा गेले. बाबा एकुलते एक. चुलतकाका गावाहून ओरडून बोलत होते, फोनपासून लांब उभ्या मलाही ऐकू येत होतं. "बर्फ आणलाय. उद्या सकाळपर्यंत थांबतो. त्यापुढे नाय रे थांबता येणार, ऊन बघ काय आहे!"

दुपारच्या विमानात एक सीट मिळाली. मुंबईला उतरून रात्रीची गाडी धरली तर सकाळी गाव. बाबांनी पलंगाखालची बॅग ओढली.

"ती कशाला आता?" आई म्हणाली.

"घरात पन्नास माणसं असतील. चहाला पावडर तरी होईल."

त्यांनी वर दोन शर्ट टाकले आणि चेन ओढली. मी दारातच उभा होतो. बाबांना रडताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहत होतो. अशा माणसाला 'एक मिनिट, माझं पिस्तूल' असं कसं म्हणायचं? शिवाय बॅग विमानाच्या पोटात जाणार, तिथे कोण बघतंय, असा माझा सखोल अभ्यास होता.

अंकलनी गाडीतून सोडलं. विमानतळावर बाबा आत गेले, आम्ही काचेबाहेर. बॅग मशीनमध्ये शिरली आणि पट्टा थांबला. मागे आला. पुन्हा पुढे गेला. मग दोन पोलीस आले, आणि एकाने टॉवेल उलगडला. बाबांचा चेहरा मला दिसत होता. त्यांना खरंच काही कळत नव्हतं.

"अरे देवा," अंकल म्हणाले. मग माझ्याकडे बघून, "तुझं काय रे ते?"

मी मान हलवली. त्यांनी मला मानेला धरूनच आत नेलं.

"It's only a toy, uncle," मी पोलिसाला म्हणालो. त्याला अंकल म्हटल्यावर आमचे अंकलही दचकले.

"टॉय?" पोलीस म्हणाला. "टॉय में ऑरेंज होता है. ये ब्लॅक क्यूं?"

मी टोक नखाने खरवडलं. इतकं छान रंगवलं होतं की निघेना. शेवटी किल्लीने घासल्यावर थोडं नारिंगी दिसलं. पोलीस हसला. बाबांना बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं. पण कागद झाला होता, आणि त्याच्यावर साहेबाची सही हवी होती. साहेब येत होते.

"सर, माय फादर एक्सपायर्ड. फ्लाइट मिलेगा?" बाबांनी विचारलं.

"इन्शाल्ला, हबीबी."

बाबा दर थोड्या वेळाने विचारायचे. तोही तितक्याच मायेने तेच सांगायचा. साहेब आले, सही झाली, "खलास, यल्ला, जाओ" म्हणाले. विमान गेलं होतं.

दुसरी सीट पुढच्या दिवशी रात्रीची होती. बाबांनी तिथल्याच फोनवरून गावाला कळवलं, "थांबू नका." तेवढंच. आई म्हणाली, "याला काही बोला तरी!" बाबा बॅग उचलून गाडीकडे चालू लागले.

अग्नी चुलतकाकांनी दिला. त्यामुळे दहाव्यालाही पिंड त्यांनीच ठेवले, आणि बाबा बाजूला ताम्हन धरून उभे राहिले. हे आईला फोनवर कळलं. तिने मला पुन्हा एकदा झोडलं. तेवढ्यापुरतं बरं वाटलं.

बाबा आले ते डोकं भादरलेलं, उन्हाने सोललेलं. बॅग रिकामी होती. खिशातून त्यांनी बामची डबी काढून माझ्या टेबलावर ठेवली. आत पिवळ्या गोळ्या होत्या. पोलिसांनी पिस्तूल ठेवून घेतलं होतं, पण पिशवी बॅगेतच फुटलेली. गावी बॅग उघडल्यावर त्या माजघरभर पळाल्या होत्या, आजोबांना ठेवलं होतं तिथे लावलेल्या दिव्यापर्यंत.

"मी आणि काका वेचत होतो," बाबा म्हणाले. "बारकी पोरं आहेत तिथे. नाकात घालतील."

मग ते आंघोळीला गेले. डबीतल्या तीन-चार गोळ्यांना दिव्याचं तेल लागून काजळी धरली होती. मी त्या धुतल्या नाहीत.