खालच्या हॉलमधल्या सासूबाई

मोठ्या सिस्टर खुर्चीत बसल्या की खुर्ची कुरकुरायची आणि त्यांचे गुडघेही. आधी काय मोडणार, यावर स्वयंपाकघरात पैज लागल्याचं त्यांच्या कानावर आलं होतं. रागवावं असं मनात आलं, पण रागवायलाही अंगात त्राण लागतं.

वृद्धाश्रम तीन मजल्यांचा. वर अंथरुणाला खिळलेली माणसं, मधल्या मजल्यावर काठी टेकत फिरणारी, आणि खाली ऑफिस, स्वयंपाकघर आणि सकाळचं ऊन येणारा एक मोठा हॉल. या सगळ्यांचं उठणं-बसणं मावशांच्या जिवावर चाले, आणि मावशा टिकत नव्हत्या. एखादी शिकून तयार झाली की चौकापलीकडचं नवं हॉस्पिटल तिला अलगद उचलून न्यायचं. मग सिस्टर पुन्हा एका नव्या मुलीला पेशंटची कूस कशी बदलायची, चादर न ओढता कशी काढायची, हे पहिल्यापासून शिकवायच्या. वरून भरावं आणि खालून गळावं, अशी गत.

आता हॉस्पिटलची नजर मऊ मावशीवर होती. मऊ म्हणजे हात, जीभ नव्हे. वरच्या मजल्यावरचे मास्तर तिच्याखेरीज कुणाच्या हातून जेवत नसत. ती घास पुढे करून म्हणायची, "मास्तर, उभ्या जन्मात पोरांना उठाबशा काढायला लावल्यात, आणि स्वतःला एक घास गिळवत नाही?" उलट उत्तर द्यायला मास्तर तोंड उघडायचे, की घास आत. ही गेली तर वरचा मजला चालायचा नाही, हे सिस्टरांना पक्कं ठाऊक होतं.

मालकांनी हात वर केले. पगार वाढणार नाही म्हणाले, पण एखादी सवलत देता येईल. विमा, येण्याजाण्याला गाडी, मुलांच्या फीला हातभार, काय ते तुम्हीच निवडा; मात्र एकच. सिस्टरांनी चहाच्या वेळी सगळ्यांना विचारलं. कुणी गाडी मागितली, कुणी विमा. स्वयंपाकी म्हणाला, आधी मिक्सर बदला. मऊ मावशी कपात बघत एवढंच म्हणाली, तुम्ही ठरवाल ते. सिस्टरांना तो तिचा समजूतदारपणा वाटला.

मग त्यांनी उत्तर स्वतःच्या आयुष्यात शोधलं. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत त्यांची आई घरी पडून असायची. जेवणाच्या सुट्टीत सिस्टर धावत घरी जायच्या, आईला भरवायच्या आणि स्वतः उपाशी परत यायच्या. दिवसभर परक्यांची आईबापं सांभाळायची आणि आपलं माणूस शेजारणीच्या भरवशावर, हे तेव्हापासून त्यांच्या मनात सलत होतं. त्यांनी ठरवून टाकलं. ड्यूटीच्या वेळात प्रत्येकाने आपल्या घरचं म्हातारं माणूस खालच्या हॉलमध्ये आणून बसवावं. जेवण आणि औषधं आश्रमाची. मालक खूश झाले, कारण हॉलमधल्या खुर्च्या तशाही रिकाम्या होत्या.

मऊ मावशी कुरकुरली. सासूबाई घरी एकट्या नसतात, शेजारीण असते म्हणाली. सिस्टरांना तो संकोच वाटला. "आणच त्यांना," त्यांनी आग्रह धरला.

सासूबाई आल्या आणि हॉलच्या मधोमध बसल्या. स्वयंपाक्याच्या वडिलांशी त्यांचा पत्त्यांचा डाव रंगला. पण डावातून डोकं वर काढून त्या सूनबाईला हाक मारायच्या. चष्मा पुस, पाणी आण, पंखा कमी कर. सूनबाई दोन जिने उतरून यायची. येणाऱ्या-जाणाऱ्याला सासूबाई सांगायच्या, ही आमची सून, इथे सगळे हिला वाखाणतात, घरी मात्र दूध उतू जातं. मावशी हसण्यावारी न्यायची. पुढे पुढे तिचं हसणंही आटलं.

एका दुपारी मास्तरांनी सिस्टरांना जवळ बोलावून घेतलं. "तिला बरं नाहीये का? आज मला काहीच बोलली नाही."

सिस्टर तिला शोधायला निघाल्या. मावशी खाली कपड्यांच्या खोलीत धुतलेल्या चादरींच्या घड्या करत होती. सिस्टरांनी चादरीची दुसरी टोकं धरली. दोघींनी चादर ताणली, दुमडली, जवळ आल्या, टोकं टोकांना लावली.

"हॉस्पिटलात बोलावलंय," मावशी म्हणाली. "एक तारखेपासून."

"पगार जास्त देतात?"

"नावाला."

"मग काय आहे तिथे?"

"तिथे सासूबाईंना आणायची सोय नाही."

सिस्टरांच्या हातातली चादर तशीच राहिली. मावशीने ती काढून घेतली आणि गठ्ठ्यावर ठेवली.

"त्या वाईट नाहीत, सिस्टर. पण सकाळी मी घराचं दार ओढून घेतलं ना, की मी कुणाची सून नसायचे. इथली हाक ही कामाची हाक. काम संपलं, हाक संपली. तेवढाच विसावा होता."

"मी तुझ्या भल्याचंच बघितलं गं."

"ते कळत होतं. म्हणून तर बोलले नाही."

सिस्टर गठ्ठ्याशेजारच्या स्टुलावर बसल्या. कधीकाळी आईला मामाकडे नेलं होतं, तेव्हाची एक जेवणाची सुट्टी त्यांना आठवली. धावायचं नव्हतं. कामाच्या ठिकाणी आवाराच्या भिंतीला टेकून त्या नुसत्या बसल्या होत्या, काही न करता, आणि ते किती बरं वाटलं होतं. इतकं, की नंतर त्याची लाज वाटली. सलणारं तेवढं लक्षात राहिलं होतं. हे मात्र त्या विसरून गेल्या होत्या.

"सरळ सांग, काय हवं?"

मावशीला विचार करावा लागला नाही. "आठवड्याची सुट्टी आहे, पण तुमचा फोन येतो. अमकी आली नाही, दोन तास येऊन जा. फोन येणार नाही असा एक दिवस द्या. बुधवार. आणि घरी मी सांगणार नाही, सुट्टी आहे म्हणून."

सिस्टर मालकांकडे गेल्या आणि बदली मावशी मागितली. एक सवलत दिली ना, असं म्हणून मालकांनी अर्ध्या दिवसाचीच मंजूर केली. उरलेला अर्धा कुणी ओढायचा, हे विचारायची गरज नव्हती. हॉलसाठी सिस्टरांनी एक नियमही केला: ज्याचं माणूस, त्याने ड्यूटीत त्याच्याकडे बघायचं नाही, हाकेला दुसऱ्याने जायचं.

पहिल्या बुधवारी मावशी नेहमीच्या वेळी सासूबाईंना घेऊन आली. त्यांना खुर्चीत बसवलं, चष्मा पुसून हातात दिला, जिन्याच्या दिशेने चार पावलं टाकली आणि मागच्या दाराने बाहेर पडली.

दुपारी बदली मावशी घरी गेली आणि मधल्या मजल्यावरच्या मुलीला ताप भरला. मास्तरांनी सिस्टरांच्या हातून दोन घास घेतले, तिसऱ्याला तोंड फिरवलं. सिस्टर ऑफिसात आल्या, फोन उचलला, नंबर पाठच होता. काही वेळ तो तसाच कानाशी धरला आणि खाली ठेवला. त्या जिना चढू लागल्या, तशी सासूबाईंनी हाक मारली. सूनबाई कुठे आहे?

"वर आहे. फार कामात आहे," सिस्टर म्हणाल्या आणि चढत राहिल्या.

संध्याकाळी मावशी सासूबाईंना न्यायला आली. दिवसभर कुठे होती, हे सिस्टरांनी विचारलं नाही. चेहरा झोपून उठल्यासारखा होता.

"दमलीस का गं?" सासूबाईंनी विचारलं.

"हो, फार," ती म्हणाली आणि त्यांना हात दिला.

फाटकापाशी सिस्टरांनी तिला गाठलं. हॉस्पिटलला काय कळवलंस, असं हळूच विचारलं.

"अजून काही नाही. चार बुधवार जाऊ देत."

सिस्टरांनी मान हलवली. वर मास्तरांची कूस बदलायची राहिली होती.