पालखीच्या यादीतलं घर

आमच्या गावात आता कुणाला वाळीत टाकत नाहीत. कायदा झालाय, पोलीस येतात. आता माणसाचं नाव नुसतं यादीत दिसेनासं होतं, आणि त्याची तक्रार कुठे करायची ते कुणाला माहीत नाही. ही सोय क्रांतीच्या हातून झाली. तिने मुद्दाम केली नाही, म्हणून तर तिची कीव येते आणि गावाची चीड.

क्रांती माझ्या शेजारच्या राहीची मुलगी. म्हसळ्यात शिकली, पुढे नवी मुंबईत वेबसाइट बनवणाऱ्या कंपनीत लागली. शिमग्याला पालखी कुठल्या दिवशी कुणाच्या दारी येणार, हे विचारायला मुंबईकरांचे सारखे फोन येत; रजा काढायची तर दिवस कळायला हवा ना! तेव्हा गावकीचे अध्यक्ष रामचंद्रदादा तिला म्हणाले, "पोरी, ज्याला त्याला फोनवरच दिवस निवडता येईल असं कायतरी बनव. गावासाठी येवढं कर." गावचं काम म्हणजे फुकट, हे वेगळं सांगायला नकोच.

तिने सुट्टीत ओटीवर बसून वेबसाइट केली. मला दाखवली. बोट लावलं की घरमालकांची नावं खाली उलगडत, त्यातलं आपलं निवडायचं, मग दिवस निवडायचा.

"येवढी नावं तू एकेक लिहिलीस?" मी विचारलं.

"न्हाय काकी. त्याला तयार हेल्पर असतो, म्हंजे आधीच लिहून ठेवलेला प्रोग्राम. त्याला सांगायचं, गावातली घरं घे. यादी तो मांडतो. आपल्याला दिसतं नाव, आत जातो घराचा नंबर. नवं घर आलं की यादीत आपोआप येतं."

"आणि गेलं की?"

"आपोआप जातं," ती हसत म्हणाली.

दादांनी एक सुधारणा सुचवली. कुलूप लावून मुंबईला गेलेली, शिमग्यालाही न उघडणारी घरं यादीत कशाला? पालखीने बंद दारापुढे थांबायचं काय? पटण्यासारखंच होतं. क्रांतीने प्रत्येक घरापुढे 'चालू' अशी खूण ठेवली. खूण असेल तेवढीच घरं हेल्पर उचलायचा. खूण काढायची मुभा दादांना दिली.

शिमगा तोंडावर आला आणि समोरचा बाळाजी फोन घेऊन तिच्याकडे आला. "पोरी, माजं घर गावत न्हाय गं. चष्म्याचा नंबर वाढला काय माजा?"

नंबर वाढला नव्हता. बांधाचं भांडण गावकीपुढे न नेता तो पोलिसांत गेला होता, एवढाच त्याचा गुन्हा. क्रांतीचा बाप गेला तेव्हा खांदा द्यायला पहिला धावला तो हाच. त्याचं दार बारा महिने उघडं. क्रांतीने तिथल्या तिथे खूण परत लावली आणि तडक दादांकडे गेली. मीही मागोमाग गेले, मला राहवेना.

"दादा, काकांचं घर बंद न्हाय."

"गावासाठी बंद हाय."

"ती खूण मी यासाठी केली नव्हती."

"कशाला केलीस ते तुजं तू बघ. वापरायची कशी ते गावकी ठरवील."

"मग मी सगळंच काढून टाकते."

दादांनी सुपारी कातरायला घेतली. संध्याकाळपर्यंत पासवर्ड बदललेला. वेबसाइटची जागा गावकीच्या नावावर, आणि पासवर्ड कसा बदलायचा तेही दादांना तिनेच शिकवलेलं. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या, दुसरं काय!

दुसऱ्या दिवशी राहीने अंगण सारवलं, ओटीवर नारळ काढून ठेवला. नवरा गेल्यापासून पालखी दारात आली की बाईला तेवढाच मान. मग ती दिवस निवडायला फोन घेऊन बसली. बोट वर गेलं, खाली आलं, पुन्हा वर गेलं.

"क्रांते, आपलं नाव येत न्हाय गं."

क्रांतीने फोन घेतला. मी वाकून पाहिलं. माझ्या घराचं नाव होतं. बाळाजीचं नव्हतं, आणि राहीच्या घराचंही नव्हतं.

"तुज्या कामात कायतरी चुकलंय बघ," राही म्हणाली. "नीट कर लवकर, मानसं दिवस भरून टाकतील."

"न्हाय आये," क्रांती म्हणाली. "काय चुकलं न्हाय. मी केलंय तसंच चाललंय ते."

 राही उठली आणि ओटीवरचा नारळ आत घेऊन गेली.